हुफूफच्या उंबऱ्याखालचं वाडगं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. दोरीवरची सुकलेली मोठी चादर तिने काढली, दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली आणि रोजच्यासारखी माझ्यावर ओरडली.

"अवो, कोपऱ्याला कोपरा लावा. चाळीस वर्षं झाली, अजून तुमचा कोपरा खालीच लोंबतो."

मी म्हटलं, "चादर लांब आहे, त्याला मी काय करू?"

"चादरीवर ढकलू नका."

घडी झाली. तिने ती कपाटात ठेवली, जरा पडते म्हणाली आणि आत गेली. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या अजानला उठवायला गेलो तर ती गेलेली होती. रात्रीच्या इशाच्या नमाजाआधी दफन पण झालं.

लोक विचारतात, जाताना काही बोलली का? बोलली. चादरीवर ढकलू नका म्हणाली. याहून मोठं काही बोलायचं असतं तर तिला कोणी अडवलं नव्हतं. मी खोटं कशाला सांगू?

मशिदीत कोणीतरी तिच्याबद्दल चार शब्द बोलला. नेक होती, परहेजगार होती, शांत स्वभावाची होती. नेक होती, कबूल. पण शांत? मला वाटलं माणूस चुकून दुसऱ्याच जनाज्याला आलाय. म्हणून मी हे लिहायला बसलोय. मी तिसरी पास, तेही सगळं विसरलेला. पन्नाशी उलटल्यावर मला बाकावर बसवून जोडाक्षरं गिरवून घेतली तीही तिनेच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर त्या माझ्या, आणि एखादं वाक्य चांगलं झालं असेल तर ते तिचं.

तिला जुन्या काळच्या जादूगारांचं वेड होतं. जुन्या म्हणजे किती? मिसरचे म्हणजे इजिप्तचे फिरऔन राजे, बाबुलचे म्हणजे बाबिलोनचे राजे, यूनान म्हणजे ग्रीस, रोम, इतक्या जुन्या. लग्नाआधी ती रत्नागिरीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तरीण होती. तिथल्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी निवृत्त होताना तिला एक इंग्रजी पुस्तक दिलं, चित्रांचं. पुठ्ठा गेलेला, पहिली वीस पानं गेलेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते तिने चार वर्षं वाचलं. लोक हुंड्यात भांडी आणतात, हिने ते पुस्तक आणलं. मी गाड्यांचा मेकॅनिक. मला वाटलं, असेल काही दीनधर्माचं. उघडून बघतो तर टकला माणूस हंसाची मुंडी तोडतोय.

"हे काय गो?"

"मिसरचा जादूगार. राजासमोर हंसाची मुंडी तोडायचा आणि परत जोडायचा."

"परत कशी जोडेल?"

"तोडलीच नाही तर जोडायची कशाला? खरी मुंडी पंखाखाली दाबायची. हातात दुसरीच. थांबा, दाखवते."

आणि आमची चांगली अंडी देणारी कोंबडी तिने अर्धा तास छळली. कोंबडीने तिला चोच मारली. ती म्हणाली, "मिसरचे हंस शिकलेले असतील."

तिचा एक कायदा होता. करून दाखवलं की उघडं करायचं. बघणाऱ्याला बुचकळ्यात ठेवून उठायचं नाही. पाहुण्यांसमोर वाटीखालचा वाटाणा गायब करायची, पाहुणे वाहवा करायचे, आणि ही लगेच बोटं पसरून सांगायची, हा बघा इथे आहे, करंगळीच्या बेचक्यात. पाहुणे हिरमुसायचे. मी म्हणायचो, थोडा वेळ मजा घेऊ दे की लोकांना. ती म्हणायची, "देवळातला पुजारी झाकून ठेवायचा, म्हणून राजा त्याला घाबरायचा. मला कोणी घाबरायला नको. मला शिकवायचंय."

मी आखातात हुफूफला गेलो तो एका खजूरवाल्याच्या ट्रकांच्या गॅरेजात. माझा कफील, म्हणजे तिथे ठेवून घेणारा जामीनदार मालक, तोच, मोठ्या मनाचा माणूस. दोन वर्षांनी म्हणाला, बायकोला आण, एकटा माणूस गाडी बिघडवतो. ती आली, सोबत पुस्तक आलं. विमानतळावर तपासणी करणाऱ्याने उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. पहिली वीस पानंच नाहीत असलं पुस्तक कोण जप्त करतो?

मूलबाळ आम्हाला झालं नाही. तिथे आमच्या इमारतीत सहा-सात हिंदुस्थानी घरं होती. निम्मे आमचे कोकणातले, दोन इंजिनियर पुण्याचे. त्यांची पोरं इंग्रजी शाळेत जायची आणि आईबापांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. ती त्यांना दुपारी मराठी शिकवायला लागली. पोरं तिला बाई म्हणायची. ट म्हणजे टपाल संपलं की बक्षीस म्हणून एक जादू, आणि त्या जादूचं पोट फाडून दाखवणं.

मग आखाती युद्ध आलं.

तेव्हा आमच्याकडे बातम्या बघायला सगळी इमारत जमायची. पडद्यावर ते मोठे साहेब हातात छडी घेऊन नकाशावर दाखवायचे, इथे पडलं, तिथे पाडलं. पुरुष सगळे डोळे लावून बसायचे. ही मागून चहाचा ट्रे घेऊन यायची आणि म्हणायची, "छडी कुठे दाखवते ते काय बघताय? कुठे दाखवत नाही ते बघा." पुण्याचा एक इंजिनियर चिडून म्हणाला, "वहिनी, हे सैन्याचे लोक आहेत, तुमचे जादूगार नाहीत." ती म्हणाली, "भावजी, छडी दोघांकडे असते. एकाचा उजवा हात बोलायला लागला की आपण त्याचा डावा बघावा." पुढे तो इंजिनियरच सांगायचा, बातम्या बघायला शिकवलं ते वहिनींनी.

शाळा बंद झाल्या. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराच्या फटीला ओले टॉवेल. ज्याच्या घरात बिनखिडकीची खोली, तिथे सगळ्यांनी जमायचं. ती खोली आमच्याकडे होती, मधली. मगरिबच्या, दिवेलागणीच्या सुमाराला सायरन झाला की सगळी घरं आमच्या त्या खोलीत. पोरं पांढरी पडायची. मोठी माणसं त्याहून पांढरी, पण ती तसबीहचे मणी ओढत किंवा रेडिओ फिरवत ते लपवायची.

तिने ठरवलं की रोज असरनंतर वर्ग घ्यायचा. सायरन होवो न होवो.

एक दिवस मला म्हणाली, "गॅरेजातून एक घट्ट झाकणाचा डबा आणा, रबरी नळी आणा, छोटी कप्पी आणा."

"आता काय उडवायचंय?"

"दरवाजा उघडायचाय. दोन हजार वर्षांपूर्वीचा."

यूनानी लोकांच्या देवळात म्हणे पुजारी वेदीवर जाळ करायचा आणि मोठा दरवाजा आपोआप उघडायचा. लोक लोटांगण घालायचे. तिने मला चित्र दाखवलं. मला इंग्रजी येत नाही, पण चित्र बघितलं आणि मी हसायलाच लागलो. अरे हे तर आपलं काम! जाळाने बंद डब्यातली हवा फुगते, ती पाण्याला ढकलते, पाणी नळीतून बादलीत जातं, बादली जड होऊन खाली येते, तिची दोरी दाराला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं की काय होतं ते मला कोणी शिकवायला नको.

दोन दिवस खपून मी ते बनवलं. पुठ्ठ्याचा दरवाजा, तुपाचा डबा. पहिल्यांदा नळी निसटली आणि सगळं पाणी पुण्याच्या इंजिनियरच्या पायजम्यावर. दुसऱ्यांदा मेणबत्त्या लावल्या, सगळे गप्प. दरवाजा करकरला आणि उघडला. पोरांनी जी आरोळी ठोकली ती सायरनपेक्षा मोठी होती. ती पोरांना म्हणाली, "हे ह्यांनी बनवलंय. त्या पुजाऱ्याकडेही असाच एखादा मेकॅनिक असणार. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही." माझ्या सगळ्या आयुष्यात भर सभेत माझी एवढी तारीफ कोणी केली नाही.

त्याच आठवड्यात तिने वाडगं काढलं.

हुफूफजवळच्या कारा डोंगराच्या पायथ्याला कुंभार आहेत, तिथून मीच तिला ते आणून दिलं होतं. साधं मातीचं. तिने पोरांना सांगितलं, "हे बॉम्ब ज्या मुलखातून येतात ना, तिथेच बाबुल होतं. तिथल्या माणसांनाही भीती वाटायची. मग ते मांत्रिकाकडे जायचे. तो अशा वाडग्यात काठापासून तळापर्यंत गोल गोल लिहायचा, ज्याची भीती त्याचं नाव. आणि उंबऱ्याखाली पालथं पुरायचा. विंचू दिसला की आपण वाटी पालथी घालतो, तसं."

एका पोरीने विचारलं, "मग त्यात भूत अडकायचं, बाई?"

"भूतबीत काही नाही. पण लिहिल्यावर माणसाला झोप लागायची. का लागायची ते आपण बघू. लढाई संपली की वाडगं उकरून काढू, आणि आत काय सापडतं ते सगळे मिळून बघू."

प्रत्येकाने आपली भीती सांगायची, ज्याला येतं त्याने मराठीत लिहायची. काळ्या शाईने गोल गोल ओळ तळाकडे चालली. संध्याकाळी मी हात धूत होतो तर मला विचारते, "तुम्हाला कसली भीती वाटते?"

मी म्हटलं, "मला? एखाद्या दिवशी तू गप्प बसलीस तर तेवढी वाटेल."

हसली आणि गेली. आमच्या दाराबाहेरच्या पायरीची एक फरशी हललेली होतीच. दुसऱ्या दिवशी तिथे वाडगं पुरून तिने फरशी वर ठेवली. मी बघितलं. मला काही वाटलं नाही. चुकलं ते तिथे. ती पुस्तकातल्या बाबुलमध्ये होती, मी गॅरेजात, आणि आम्ही राहतो कुठल्या मुलखात हे दोघंही विसरलो. तिथे करणी करणारा नेमकं हेच करतो असं लोक मानतात. न कळणाऱ्या अक्षरात गोल गोल लिहायचं आणि दुसऱ्याच्या पायाखाली पुरायचं. त्याला ते सिहर म्हणतात. सिहर म्हणजे जादूटोणा, आणि त्याची शिक्षा काय असते हे तिथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

इमारतीचा राखणदार भला माणूस होता. फरशी हलते म्हणून बसवायला आला. फरशी उचलली आणि वाडगं सरळ केलं. मी जिन्यात होतो. तो दोन पायऱ्या मागे पडला आणि मोठ्याने दुआ म्हणायला लागला. तासाभरात घरमालक, आणि घरमालकाच्या मागे हातात फाईल घेतलेला धर्मखात्याचा एक माणूस. वाडगं कपड्यात बांधलं गेलं. शेजाऱ्यांनी सांगितलं, बाई वाट्यांखालून बिया गायब करते, जाळाने दार उघडते. कौतुकाने सांगितलं त्यांनी, ते गेलं फाईलमध्ये. फाईलवाला म्हणाला, उद्या असरनंतर मोहल्ल्याच्या शेखसमोर, धर्माच्या जाणत्यासमोर या. ते ऐकतील. मग पुढे कुठे पाठवायचं ते ठरेल.

कफील सकाळीच गॅरेजात आला. माझा दंड धरून त्याने मला ट्रकच्या मागे नेलं.

"ऐक. सांग, पोरांचा खेळ होता. सांग, बाई अडाणी आहे, तिला काही कळत नाही. शेख माझ्या वडिलांच्या ओळखीचे आहेत. रडायला सांग तिला थोडं. खलास."

मी धावत घरी. तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"अडाणी म्हणून सुटू?"

"अगो, सुटण्याशी मतलब! नाहीतर तुरुंग. नाहीतर..."

"अवो, ती पोरं बघतायत. बाई अडाणी होती, जादू करत होती, रडली म्हणून सोडली. मग मी इतकी वर्षं त्यांना काय शिकवलं?" मग वर बघून म्हणाली, "मला अरबी बोलता येत नाही. तुम्हीच माझी जीभ. मी जे बोलेन तेच सांगायचं. आपलं काही घालायचं नाही."

माझी अरबी म्हणजे गॅरेजची. क्लच, पाना, लवकर कर, उद्या ये. तेवढ्या भांडवलावर मला बायकोचा जीव वाचवायचा होता.

शेख म्हातारे होते, दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. भिंतीला टेकून बसलेले. शेजारी फाईलवाला, पलीकडे कफील. ती दाराजवळ काळ्या पायघोळ अबायात, पाठ ताठ. मधे गालिच्यावर वाडगं.

शेख म्हणाले, "यात काय लिहिलंय ते हिला वाचायला सांग. सगळं. एक अक्षर सोडायचं नाही."

तिने वाडगं उचललं आणि स्टिअरिंगसारखं फिरवत वाचायला सुरुवात केली. ती एक वाचायची, मी एक सांगायचो.

"सायरन."

"गॅस."

"अम्मी रडते ते."

"बाबा दम्मामला कामाला जातात, तिकडे पडेल."

"आजीचा फोन लागत नाही."

"इंग्रजीचा पेपर."

"टॉवेल लावलेला असताना शू लागली तर."

शू हा शब्द मी अरबीत रेडिएटर गळतो तसा सांगितला. कोणी हसलं नाही. फाईलवाल्याने लिहिणं थांबवलं होतं. त्याच्याही घरात पोरं असतील.

तळाशी आल्यावर ती थांबली.

"हे तुमचं आहे," मला म्हणाली.

"माझं काय?"

"'बायको गप्प बसेल.' सांगा."

"हे कशाला लिहिलंस!"

"एक अक्षर सोडायचं नाही म्हणाले ते. सांगा."

सांगितलं. कफीलने डोक्यावरचा रुमाल, गुत्रा, तोंडावर ओढला, त्याचे खांदे हलत होते. शेख म्हणाले, "उलटी भीती असलेले नवरे माझ्याकडे खूप येतात. असा पहिलाच."

पण फाईलवाला सावरला. म्हणाला, वाडग्याचं ठीक, पण वाट्या? बिया गायब होतात त्याचं काय? ही विद्या हिला कोणी दिली?

ती म्हणाली, "पुस्तकाने." आणि अबायाच्या आतून पुस्तक काढून समोर ठेवलं. कफीलने कपाळावर हात मारून घेतला. ते पुस्तक तिने सोबत आणलंय हे मला माहीतच नव्हतं.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "फिरऔनच्या दरबारात जादूगारांनी दोऱ्या टाकल्या आणि लोकांना साप दिसले. लोकांची नजर बांधली गेली होती. मग नबींनी काठी टाकली, तिचा खराच साप झाला. तेव्हा भर दरबारात सगळ्यात आधी सजद्यात, जमिनीला कपाळ टेकून, कोण पडलं? राजा? वजीर? नाही. जादूगार पडले. का? कारण खोटं कसं बनवतात ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून खरं समोर आलं ते त्यांनीच ओळखलं. मी पोरांना खोटं कसं बनवतात ते शिकवते. सांगा."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते अल्लाला ठाऊक. नकली पार्ट बनवणाऱ्यालाच असली पार्ट पहिला कळतो, असं काहीतरी म्हणालो. शेख पुढे सरकून बसले.

"तिला म्हणावं, दाखव."

तीन फिंजान आले, कॉफीचे ते बिनकानाचे छोटे पेले, आणि ताटातली खजुराची एक बी. तिने बी मधल्या पेल्याखाली ठेवली, पेले फिरवले, उचलले. बी कुठेच नाही. फाईलवाला अंग चोरून मागे झाला. कफील डोळे फाडून बघत होता. मी शेखकडे बघितलं. ते कान देऊन बसले होते.

ते म्हणाले, "बी पेल्याखाली गेलीच नाही. गेली असती तर वाजली असती. तिच्या हातात आहे."

तिने मूठ उघडली. बी हातात.

मी शेखना सांगितलं, आहे.

ती म्हणाली, "सांगा त्यांना, रोमच्या बाजारात हा खेळ हजारो लोकांसमोर चालायचा. सगळे फसायचे. यांना मी फसवू शकले नाही. यात जिन्न असता तर यांच्या कानाला काय घाबरला असता?"

म्हातारा हसला. दात नव्हते, हसू मोठं होतं.

निकाल मात्र त्यांनी हसत दिला नाही. वाडगं धुवायचं आणि फोडायचं, इथे, आत्ता. परत काही लिहून पुरायचं नाही, कोणत्याही कारणाने. वर्ग घ्यायचा तर दार उघडं ठेवून. पुस्तक इथे राहील.

पुस्तक म्हटल्यावर मी तिच्याकडे बघितलं. नकाबात डोळे तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "राहू द्या. मला पाठ आहे." मग वाडगं घेऊन बाहेर नळावर गेली. पोरांची अक्षरं धुताना जरा रेंगाळली असेल, तेवढंच. फोडलं तिने एका दणक्यात.

फाईलवाल्याने कबुलीचा कागद केला आणि अंगठ्याची शाई तिच्यापुढे सरकवली. तिने ती माझ्यापुढे सरकवली, त्याचं पेन मागून घेतलं आणि लहानपणी कुराणासाठी गिरवलेल्या अरबी अक्षरात, वळणदार, पूर्ण नावाने सही केली. तो सही बघत राहिला. मग मी अंगठा दिला. अंगठा देताना इतका ताठ बसलेला माणूस त्या माणसाने पाहिला नसेल.

गाडीत कफील म्हणाला, "तू म्हणत होतास ना, अडाणी आहे म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "मी नाही, तुम्ही म्हणत होता."

"बरं. आपल्यात अडाणी तू आणि मी."

लढाई संपली. वर्ग चालू राहिला, दार सताड उघडं ठेवून. वाळूचं वादळ असलं तरी उघडं. निवृत्त होऊन गावाला आलो तेव्हा इथेही तिने तेच चालवलं. ताईत विकणारा आला, अंगात आणणारा आला, की ही त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि त्याचा डावा हात बघायची. अर्ध्या तासात तो दुसरं गाव धरायचा. म्हणून गावात तिचे दुश्मन होते. माझी धाकटी बहीणच तिला मागे जादूगारीण म्हणायची, मूल नाही ते त्यामुळेच म्हणायची. तिच्या कानावर आलं की ती म्हणायची, "जादूगारीण म्हणजे उघडं न करणारी. मी काय झाकलंय?" पण तो शब्द तिला लागायचा. मला माहीत आहे. शेखसमोर न डगमगलेली बाई घरच्यांच्या त्या एका शब्दाने गप्प व्हायची, जेवायचं ताट पुढे सरकवायची.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलेलं होतं. बहीण एका माणसाला घेऊन आली. पलीकडच्या खाडीकडचा, करणी काढणारा म्हणून नाव असलेला. बहीण रडत म्हणाली, "भाऊ, धडधाकट बाई चादर घडी करता करता जाते का? हिने जन्मभर जादू जवळ केली, तीच उलटली. यांना बघू दे. घर तरी साफ होईल."

मी समोर बसून बघत राहिलो. त्या माणसाने तिची उशी मागितली. बायकांनी जागा केली. ब्लेडने शिवण उसवली, उजवा हात वर केला आणि मोठ्या आवाजात काहीतरी म्हणायला लागला. सगळ्यांनी वर बघितलं. त्याचा डावा हात खांद्यावरच्या कपड्यातून निघून उशीकडे चालला होता.

मी तो मनगटात धरला.

"मूठ उघड."

तो उघडेना. माझं वय झालंय, पण बोल्ट सोडवण्यात जन्म गेलेला हात आहे. एक एक बोट उघडलं. आत काळ्या दोऱ्याची पुडी, सुया, केसांचा गुंता. केस काळे कुळकुळीत. माझ्या बायकोचे केस पंधरा वर्षांपूर्वीच पांढरे झाले होते. ते मी बहिणीच्या तळहातावर ठेवले आणि म्हटलं, बघ.

तो माणूस चपला शोधत होता. मी म्हटलं, जाऊ द्या त्याला, पण पुडी इथे राहील. मग सगळ्यांना बसवलं, बहिणीला सगळ्यात पुढे. दरवाजा उघडला, खिडक्या उघडल्या. आणि त्या उशीवर, त्या पुडीने, तो काय करणार होता ते मी त्यांना दोनदा करून दाखवलं. एकदा भरभर, एकदा सावकाश.